इडिपसचा ग्राफ नेमका कुठे आहे? शेवटी तो बदलतो की नाही?

अंबड_सेकंडशिफ्ट

नमस्कार मंडळी. आमचा नाशिकचा छोटा हौशी ग्रुप आहे. निम्मे जण अंबड-सातपूरच्या कंपन्यांत, दोघी शिक्षिका, एकाचं मेडिकल. यंदा स्पर्धेसाठी सोफोक्लीसचा ‘राजा इडिपस’ घेतलाय, नकळत बापाला मारून आईशी लग्न केलेल्या राजाची गोष्ट, कापून दीड तासात बसवलेली. पु. लं.चं ‘राजा ओयदिपौस’ आहे हे माहीत आहे, पण आमच्यातल्या एका शिक्षिकेने इंग्रजीवरून स्वतंत्र मराठी संहिता केली आहे. इडिपस माझ्याकडे आला आहे. तालमी गंगापूर रोडला एका हॉलवर, रात्री साडेआठनंतर.

अडलंय ते असं. दिग्दर्शक म्हणतात, ‘तुझा ग्राफ दिसत नाही.’ त्यांच्या डोक्यात आराखडा पक्का आहे: सुरुवातीला उर्मट राजा, मान ताठ, आवाज चढा, मग एकेक पायरी उतरत शेवटी पार गळालेला, नम्र माणूस. मी प्रामाणिकपणे तसं करून बघतोय, पण पहिल्याच प्रवेशात वाक्यं साथ देत नाहीत. शहरात रोगराई आहे, लोक हातात फांद्या घेऊन राजवाड्याच्या दारात बसलेत. इडिपस स्वतः बाहेर येतो, त्यांना ‘लेकरांनो’ म्हणतो. तुम्हाला प्रत्येकाला आपापलं दुःख आहे, माझा जीव मात्र शहरासाठी, माझ्यासाठी आणि तुमच्यासाठी असा एकदमच तुटतोय, असं सांगतो. हे उर्मटपणे म्हणायचं तरी कसं?

आणि शेवट. डोळे फोडून घेतलेला, रक्ताने माखलेला माणूस बाहेर येतो. नम्र करायला जातो तर तिथेही वाक्यं अडवतात. कोरस, म्हणजे शहरातल्या वडीलधाऱ्यांचा समूह, म्हणतो, आंधळं जगण्यापेक्षा मेलेलं बरं. त्यावर हा म्हणतो, मी केलं ते योग्य नव्हतं हे मला शिकवू नका, आता सल्लेही देऊ नका. हा माणूस कुठे गळालाय?

म्हणून विचारतो. ग्रीक शोकांतिकेतला नायक खरोखर बदलतो का, की फक्त त्याचं नशीब बदलतं? बदलत असेल तर कोणत्या ओळीवर? कॉलेजच्या नोट्समध्ये ‘दोष, पतन, पश्चात्ताप’ असं लिहिलेलं आठवतंय, अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावर. यातला पश्चात्ताप मला संहितेत सापडत नाहीये.


सातपूरचा_नाट्यवेडा

मला दिग्दर्शकांचं पटतं. पहिला प्रवेश सोड, त्याच्या पुढचे दोन बघ. टायरेसियससारख्या आंधळ्या, म्हाताऱ्या भविष्यवेत्त्याला हा घालूनपाडून बोलतो. सख्ख्या मेहुण्यावर, क्रेऑनवर, कटाचा आरोप करतो आणि त्याला हद्दपार नाही तर ठारच करायला निघतो. हा अहंकार नाही तर काय? आणि शेवटी त्याच क्रेऑनकडे हात पसरतो: मुलींना जवळ घेऊ दे, त्यांच्याकडे लक्ष दे. राजाचा याचक झाला. एवढा सरळ ग्राफ हातात असताना उगाच गुंता कशाला? परीक्षकांना शेवटच्या रांगेतूनही दिसला पाहिजे.


विंगेतून

शिफ्टवाल्या, वाक्यं साथ देत नाहीत असं तुला वाटतंय ना, मग वाक्यांचंच ऐक. ती बरोबर सांगतायत.

मी नट नाही. नाशिकच्या हौशी नाटकांना खूप वर्षं प्रॉम्प्टिंग करते आहे. विंगेत स्टूल, मांडीवर पुस्तक, त्यावर छोटा टॉर्च. तिथून नटाची पाठ दिसते, नाहीतर खांदा, चेहरा क्वचितच. त्यामुळे मला नाटक कानाने कळतं. इडिपसला प्रॉम्प्टिंग केलं तेव्हा कानात जे बसलं ते सांगते: हा माणूस सतत प्रश्न विचारतो. संहिता घे आणि त्याच्या तोंडची सगळी प्रश्नचिन्हं पेन्सिलने गोल कर. पहिल्या वाक्यापासून सुरुवात होईल, कारण नाटकाचं पहिलं वाक्यच त्याचा प्रश्न आहे: लेकरांनो, इथे असे का बसला आहात?

मग क्रेऑन डेल्फीहून अपोलोचा कौल घेऊन येतो: आधीचा राजा लायस याच्या खुन्याला शोधून काढा. देव काय म्हणाला? शुद्धी कशी करायची? मेला तो कोण? कुठे मारला, घरात की परदेशी? पाहिलेलं कुणी उरलं का? तेव्हाच चौकशी का नाही झाली? क्रेऑन आत चलून बोलूया म्हणतो, तर हा म्हणतो इथेच, सगळ्यांसमोर सांग. याच प्रश्न विचारणाऱ्या डोक्याने त्याने शहराला छळणाऱ्या स्फिंक्स राक्षसिणीचं कोडं सोडवलं, शहर वाचवलं आणि राज्य मिळवलं. टायरेसियस त्याला तोंडावर सांगतो की ज्यात तू मोठा ठरलास त्यानेच तुझा नाश केला. ही ओळ तुमच्या कापलेल्या संहितेत नसेल तर परत आणा. सगळं नाटक तिच्यावर उभं आहे.

आता नाट्यवेडे म्हणतात तो राग. राग आहेच, तो लपवू नकोस. पण तो कशावर पेटतो ते बघ. शहर मरतंय, टायरेसियसला उत्तर माहीत आहे, आणि तो म्हणतो मला घरी जाऊ द्या. ज्याला कळल्याशिवाय चैन पडत नाही त्याच्यापुढे कुणी उत्तर दाबून ठेवलं की तो पेटतो. तिठ्यावर रथातल्या म्हाताऱ्याने डोक्यात मारलं तेव्हाही असाच पेटला होता आणि त्याने माणसं मारली. तोच झटका, तोच हात. आणि क्रेऑनला मारायला निघालेला हा माणूस त्याची राणी योकास्टा आणि कोरस विनवतात तेव्हा मनाविरुद्ध का होईना, त्याला सोडतो. हे नाटकाच्या निम्म्यातच होतं. म्हणजे नमतं घेणं जर ग्राफचं टोक मानलं, तर ते मधेच येऊन गेलं. दिग्दर्शकांची पायऱ्यापायऱ्यांची उतरण इथेच मोडते.

मग बदलतं काय? प्रश्न कुणाबद्दल आहे ते. योकास्टा त्याला धीर द्यायला सांगते की भविष्यं खोटी असतात, लायसला तीन रस्ते मिळतात तिथे लुटारूंनी मारलं. तिला वाटतं आपण फुंकर घालतोय, आणि याच्या कानात ‘तीन रस्ते’ एवढंच राहतं. ती जागा कुठली? किती दिवस झाले? लायस दिसायला कसा होता? बरोबर माणसं किती होती? इथे तू आवाज चढवू नकोस. इथे त्याला पहिल्यांदा उत्तराची भीती वाटते आणि तरी तो विचारत राहतो. मग आशा एका आकड्यावर येऊन लटकते: वाचलेला नोकर म्हणाला होता लुटारू अनेक होते. अनेक असतील तर मी नाही, एकटा असेल तर मीच.

त्यानंतर कॉरिंथचा माणूस येतो, तू ज्यांना आईबाप समजतोस ते तुझे नव्हेत असं सांगतो, आणि सगळ्यात विलक्षण गोष्ट घडते, जी मला ऐकून ऐकूनच कळली. लायसचा खुनी कोण, हा प्रश्न मागे पडतो! ज्यासाठी शहर थांबलंय तो शोध इडिपस विसरल्यासारखा होतो, आता त्याला हवंय मी कुणाचा मुलगा. योकास्टाला सगळं कळून चुकलंय. ती विनवते, जिवाची काळजी असेल तर हे विचारू नकोस. त्याला वाटतं, मी हलक्या कुळातला निघेन म्हणून हिला लाज वाटतेय. तो स्वतःला दैवाचं लेकरू म्हणवून घेतो. हा त्याचा नाटकातला सगळ्यात उंच क्षण आहे आणि सगळ्यात आंधळाही. तिथे खुशाल मान वर कर, जरूर कर.

आणि धनगर, ज्याने ते मूल कधीकाळी कॉरिंथच्या माणसाच्या हाती दिलं होतं. या प्रवेशात वाक्यं आखूड होत होत एका ओळीवर येतात, मग मूळ ग्रीकमध्ये एकेक ओळ दोघांत वाटलेली आहे, अर्धी याची, अर्धी त्याची. मूल तिने दिलं? हो. कशासाठी? मारायला. पोटचं? भविष्याच्या भीतीने. त्याच्या जरा आधी धनगर म्हणतो, आता मी भयंकर बोलण्याच्या काठावर आलोय. इडिपस म्हणतो, आणि मी ऐकण्याच्या, पण ऐकलंच पाहिजे.

तुझी ओळ ही आहे. इथे तो थांबू शकला असता. योकास्टा थांबवत होती, धनगर थांबवत होता, टायरेसियसने तर सुरुवातीलाच थांबवलं होतं. बदलायची संधी नाटक त्याला पुन्हा पुन्हा देतं आणि तो बदलत नाही. त्याचा स्वभाव शेवटपर्यंत तसाच राहतो म्हणून तो सत्यापर्यंत पोचतो आणि म्हणूनच संपतो. हे मला फार मोठं वाटतं, आणि ‘उर्मट होता, नम्र झाला’ असं केलं की ते हातातून निसटतं. मग ती शाळेतल्या फळ्यावर लिहायची गोष्ट होते.

नोट्सबद्दल. अ‍ॅरिस्टॉटलने काव्यशास्त्रात दोन गोष्टी सांगितल्या: परिस्थिती उलटी फिरणं, आणि ओळख पटणं, म्हणजे अज्ञानातून ज्ञानात येणं. दोन्ही एकाच वेळी घडतात ते उत्तम, आणि उदाहरण इडिपसचंच. कॉरिंथचा माणूस त्याची भीती घालवायला येतो आणि नेमकं उलटं करून बसतो. अगदी सद्गुणी नसलेला, पण दुष्टही नसलेला माणूस दुष्टपणामुळे नाही, मोठ्या चुकीमुळे पडतो असंही तो म्हणतो. पश्चात्ताप त्याच्या व्याख्येत नाही, करुणा आणि भय आहे. आणि एक लक्षात ठेव, सोफोक्लीस इसवी सनपूर्व ४०६च्या सुमारास गेला, अ‍ॅरिस्टॉटल जन्मला ३८४ मध्ये. नाटककाराने हे नियम समोर ठेवून लिहिलेलं नाही. विंदा करंदीकरांनी काव्यशास्त्राचं मराठी केलेलं आहे, सार्वजनिक वाचनालयात चौकशी कर, नोट्सपेक्षा ते वाच.

अजून एकच नायक सांगते, कारण तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्याच्यात जास्त उघडं दिसतं. सोफोक्लीसचाच एजॅक्स, ट्रॉयच्या युद्धातला ग्रीक योद्धा. अकिलीसची शस्त्रं आपल्याला न देता ओडिसियसला दिली म्हणून तो ग्रीक सरदारांना मारायला निघतो, अथीना त्याला भ्रम घालते, आणि तो गुरंढोरं कापतो. शुद्धीवर आल्यावर तो मरायचं ठरवतो. मग बाहेर येऊन बदलावर एक अप्रतिम भाषण करतो. हिवाळा उन्हाळ्याला वाट देतो, रात्र दिवसासाठी बाजूला होते, झोपसुद्धा माणसाला बांधून ठेवत नाही, मग आम्हीच का शहाणं होऊ नये? बायको आणि सोबती सुटकेचा श्वास सोडतात, हा बदलला. आणि तो समुद्रावर जाऊन हेक्टरने भेट दिलेल्या तलवारीवर अंग टाकतो. सगळ्या सृष्टीला बदलता येतं हे त्याला कुणाहीपेक्षा जास्त कळलंय. त्यालाच ते जमणार नाही.


पंचवटी_एमए

विंगेतून ताई, इडिपस आणि एजॅक्सपुरतं मान्य, पण ‘ग्रीक नायक बदलत नाही’ असं कुणी या धाग्यावरून पाठ करून नेऊ नये म्हणून लिहिते. क्रेऑन बदलतो. ‘राजा इडिपस’मधला नाही, ‘अँटिगनी’मधला.

मी रामकुंडाजवळ वाढले. देशभरातून माणसं अस्थी घेऊन येताना रोज पाहिली आहेत, रात्रभर प्रवास करून आलेली, मांडीवरचं मडकं दोन्ही हातांनी धरून बसलेली. त्यामुळे इडिपसच्या मुलाचं, पॉलिनायसीसचं, प्रेत कुत्र्या-गिधाडांसाठी उघड्यावर टाकायचं, कुणी माती घालायची नाही, हा क्रेऑनचा हुकूम वाचला तेव्हा मला तळटीप लागली नाही. नाशिकच्या प्रेक्षकालाही लागणार नाही.

तो क्रेऑन मुलाचं, हेमॉनचं, ऐकत नाही. टायरेसियस येऊन सांगतो की पक्ष्यांनी त्या प्रेताचे तुकडे वेदींवर आणून टाकलेत, देव आहुती घेत नाहीत. तेव्हा हा इडिपससारखाच त्याच्यावर पैसे खाल्ल्याचा आरोप करतो. पण टायरेसियस निघून गेल्यावर तो हलतो. नमणं भयंकर आहे म्हणतो, आणि नमतो. काय करू सांगा, मी ऐकेन, असं कोरसला विचारतो. हा स्वभावातला बदल नाही तर काय आहे? शेवटी मुलगा गेल्यावर कोरस म्हणतो, उशिरा दिसलं तुला. कोरस म्हणतो, उशिरा दिसलं तुला. एस्किलसच्या ‘अ‍ॅगमेम्नॉन’मध्ये कोरस म्हणतो की झ्यूसने माणसाला सोसण्यातून शिकण्याचा रस्ता घालून दिला. त्या रस्त्यावरचा माणूस मला क्रेऑन वाटतो.

युरिपिडीसकडे तर बदलच बदल आहेत. ‘ऑलिसमधली इफिजेनिया’ बघा. ट्रॉयवरच्या स्वारीआधी आपला बळी द्यायचा ठरलंय हे कळल्यावर मुलगी बापाच्या पाया पडते, उजेड बघणं गोड आहे, मला अकाली मारू नका म्हणते. आणि थोड्याच वेळात स्वतःहून बळी जायला तयार होते. अ‍ॅरिस्टॉटलला हे खटकलं, पहिली मुलगी आणि नंतरची मुलगी एक वाटत नाही म्हणाला. मला पटत नाही. त्या छावणीत प्रत्येक जण मन बदलतो. बाप बोलावण्याचं पत्र पाठवून मग दुसरं पत्र लिहितो, काका आधी भांडतो मग रडतो. मोठी माणसं वाऱ्यासारखी फिरत असताना एकटी ती शेवटी ठरवते आणि ठरवल्यावर हलत नाही. तिचा बदल मला या सगळ्यांत जास्त धीराचा वाटतो. हे नाटक युरिपिडीस गेल्यावर रंगभूमीवर आलं आणि पहिलं आलं.

आणि ‘फिलोक्टेटीस’मधला निओप्टोलेमस, इसवी सनपूर्व ४०९. ओडिसियसच्या सांगण्यावरून आजारी माणसाला फसवून धनुष्य मिळवतो आणि मग ते परत नेऊन देतो. सोफोक्लीसनेच लिहिलंय हे.


गोदाकाठ

मधेच बोलतो, ग्रीक वाचलेलं फार नाही. विंगेतून ताईंचं वाचताना कर्ण आठवला. उद्योगपर्वात कृष्ण त्याला रथात घेऊन सांगतो की तू कुंतीचा थोरला, चल, राज्य तुझं. म्हणजे ओळख पटते, तीही युद्धाच्या आधी, सगळं हातात असताना. आणि तो दुर्योधनाला सोडत नाही. पुढे कुंती स्वतः नदीवर येते, तिला एवढंच वचन देतो की तुझे पाच मुलगे राहतील. इडिपसला कळतं तेव्हा सगळं होऊन गेलेलं, याला कळतं तेव्हा काहीच झालेलं नाही. तरी दोघंही आपापल्या जागी तेच राहतात. माझ्या मते कर्णाचं जास्त कठीण.


अंबड_सेकंडशिफ्ट

सगळ्यांचे मनापासून आभार. विंगेतून ताई, प्रश्नचिन्हं गोल केली. पानंच्या पानं भरली आहेत आणि शेवटाकडे पेन्सिल नुसती पळते.

पण प्रेक्षकासमोर काहीतरी बदललेलं दिसायला हवंच ना? स्वभाव तोच ठेवला तर मी दीड तास एकाच सुरात राहीन ही दिग्दर्शकांची भीती खरी आहे. शरीरात, आवाजात काय बदलू? आणि डोळे फोडल्यानंतरचा प्रवेश आम्ही वेळेसाठी जवळजवळ निम्मा कापलाय, तो तसाच ठेवू का?


विंगेतून

आधी पंचवटीताईंना. निओप्टोलेमस आणि इफिजेनिया, दोन्ही मान्य, आणि इफिजेनियाच्या बाबतीत मीही तुमच्या बाजूची आहे. क्रेऑनबद्दल एक जोडते. कोरस त्याला सांगतो, आधी अँटिगनीला, भावाला माती दिली म्हणून गुहेत कोंडलेल्या मुलीला, सोडव, मग प्रेताला माती दे. दूत येऊन सांगतो तेव्हा कळतं की त्याने क्रम उलटा केला. आधी प्रेत धुतलं, जाळलं, माती रचली, मग गुहेकडे गेला. तोवर अँटिगनीने गळफास घेतला होता. निर्णय बदलला, पण आधी राज्यावरचं विघ्न आणि मग घरातली पोर, ही त्याची सवय नाही बदलली असं मला वाटतं. तो क्रम ऐकताना दर वेळी माझं बोट पुस्तकावर थांबतं.

गोदाकाठ, कर्णाचं जास्त कठीण हे मला पटलं. इडिपसला निवड विचारली जाते ती फक्त कळून घेण्याची, कर्णाला कळल्यानंतरची.

आता शिफ्टवाल्या, तुझं. ग्रीक नट मुखवटा घालायचा, पूर्ण डोकं झाकणारा. अथेन्सच्या टेकडीच्या उतारावर हजारो माणसं, वरच्या माणसाला चेहरा दिसण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणजे चेहऱ्यावरून टप्प्याटप्प्याने गळत जाणं हे त्यांच्या हातातलं साधनच नाही. त्यांच्याकडे होता आवाज, चाल, आणि कोण कुणाकडे जातो ते. तूही तेवढंच वापर.

आवाजाचं असं आहे. आंधळा होऊन बाहेर आल्यावर मूळ नाटकात इडिपस बोलत नाही, गातो. कोरस बोलण्याच्या छंदात आणि हा गाण्याच्या. नाटकभर बोलून, वाद घालून, उलटतपासणी घेऊन जगणारा माणूस अचानक बोलण्याच्या बाहेर फेकला जातो. आपल्या संगीत नाटकाच्या प्रेक्षकाला हे समजवावं लागणार नाही. बोलणं पुरेनासं झालं की पद येतं, हे आपल्या अंगात आहे. तू गाऊ नकोस, तुमच्या संहितेत ते नसेल. पण तिथली पहिली काही वाक्यं सुरात लांबव, श्वास मोडू दे, शब्दांच्या मधे जागा सोड. आणि मग, हे महत्त्वाचं, तो परत बोलायला लागतो. परत मुद्दे मांडतो. हे कुणी केलं, असं कोरस विचारतो तेव्हा तो स्वच्छ सांगतो: घडवलं अपोलोने, पण डोळ्यांवर चालला तो माझाच हात. इतकं नेमकं उत्तर देणारा माणूस गळालेला नाही. हे वाक्य रडत म्हणू नकोस, साक्ष दिल्यासारखं म्हण.

चालीचं. पहिल्या प्रवेशात तू लोकांकडे जा, प्रत्येक उत्तरासोबत समोरच्याच्या जवळ सरक. टायरेसियस, योकास्टा, कॉरिंथचा माणूस, धनगर, सगळ्यांच्या अंगावर जा. धनगराशी तर हाताच्या अंतरावर. शेवटच्या प्रवेशात पाय तसेच पुढे निघू देत, फक्त आता समोर कोण आहे ते दिसत नाही. दिग्दर्शकांना हवा तो ग्राफ यातून मिळेल. आवाज बसवायची किंवा खांदे पाडायची गरज लागणार नाही.

‘कोलोनसमधला इडिपस’ या नाटकाचंही सांगते, तुमच्या प्रयोगात नसलं तरी. सोफोक्लीसने अगदी म्हातारपणी इडिपसला परत हातात घेतलं, ते नाटक तो गेल्यानंतर, ४०१ मध्ये, त्याच्या नातवाने उभं केलं. कोलोनस हे सोफोक्लीसचं स्वतःचं गाव. तिथे इडिपस म्हातारा, फाटका, अँटिगनीच्या हाताला धरून येतो. इतक्या वर्षांत शांत झाला असेल असं वाटतं. पण मुलगा मदत मागायला आला की त्याला शाप देतो, तोच राग. आणि ‘मी केलं’ म्हणणारा माणूस आता म्हणतो की ती कर्मं मी केली त्यापेक्षा सोसली जास्त. माझ्या मते एवढा एकच खरा बदल त्याच्या आयुष्यात आहे, आणि त्यासाठी दुसरं नाटक लागलं. शेवटी गडगडाट होतो, बोलावणं येतं, आणि नाटकभर मुलींच्या आधाराने चाललेला हा आंधळा उठून म्हणतो, आता माझ्या मागे या, वाट मी दाखवतो. कुणाचा हात न धरता चालत जातो. ते पाय आत्तापासून तयार कर, तुझ्या नाटकाच्या शेवटी तेच पाय आहेत.

कापाकापीबद्दल माझं स्पष्ट मत आहे. शेवटचा प्रवेश निम्मा करू नका. विशेषतः अगदी शेवटी मुलींना बिलगून बसलेला इडिपस म्हणतो, यांना माझ्याकडून नेऊ नकोस, आणि क्रेऑन म्हणतो, सगळ्याच गोष्टींत हुकमत चालवायची इच्छा धरू नकोस, जी होती ती तुला जन्मभर पुरली नाही. नाट्यवेडे, तुमचा याचक तो हाच, पण बघा, याचना करतानाही तो हुकूमच सोडतोय, आणि क्रेऑनला ते ऐकू येतंय. ही दोन वाक्यं गेली तर शिफ्टवाल्याला जे सापडलंय ते प्रेक्षकाला सापडणार नाही. वेळ हवाच असेल तर मधलं क्रेऑनचं ‘राजा न होता राजासारखं सुख मिळतंय, मग मला सिंहासन कशाला हवं’ हे लांब भाषण आखडा. ते चार ओळींत होतं. आणि दिग्दर्शकांना सांग, प्रॉम्प्टर हवी असेल तर शनिवार-रविवार मी मोकळी असते.